तारांकित प्रश्न आणि आमचा साकव

ते पावसाळी अधिवेशन सुरू व्हायचं होतं तेव्हा मी विशीत होतो आणि पत्रकं काढत होतो. त्या वेळच्या पत्रकाचा मथळा होता, ‘या अधिवेशनाकडून काय अपेक्षा ठेवावी?’ आत अपेक्षा एकच होती: आमच्या पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, सिमेंटचा साकव. आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला होता, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर देणं भाग होतं.

पऱ्याच्या पलीकडे हायस्कूल. दर मे महिन्यात गाव पोफळीचे सोट टाकून साकव घालायचा. तो पुरात वाहून गेला की मुलगे पोहून जात आणि मुली घरी बसत. एकदा बसलेली मुलगी पुन्हा शाळेत जात नसे. माझी बहीण त्या वर्षी दहावीत गेली होती.

देवळात बैठक भरली. मी म्हटलं, यंदा साकव घालूच नये. दिसला तर सरकार म्हणणार, सोय आहे.

गावचे म्हातारे मानकरी पान जुळवत म्हणाले, “आमदारान प्रश्न इचारलान म्हणून पऱ्या थांबणार हाय काय?”

बायकांतून बहिणीने विचारलं, “दादा, अधिवेशन कधी?”

“जुलैत.”

“आणि शाळा?”

“जूनमध्ये.”

“मग तोवर मी काय करू? सभात्याग?”

देऊळ हसलं. साकव घालायचं ठरलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: सोट टिकू देत, पोरं सुखरूप जाऊ देत, मंत्र्याला सुबुद्धी होऊ दे. सगळे “होय महाराजा” म्हणाले. मी देव मानत नव्हतो. मंत्र्यापुरतं मीही म्हटलं.

जूनअखेर निरोप आला, उत्तरासाठी पाहणी करायला बांधकाम खात्याचे साहेब येणार. गावाला एकच काळजी: पाहुणा माणूस, पडला तर? आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून साकवाला बांबूचा कठडा बांधला. साहेबांवर एकाने छत्री धरली, दुसऱ्याने त्यांचा हात धरला. पलीकडे चहा आणि फणसाची सांदणं होती. “भक्कम आहे हो,” साहेब म्हणाले. गाव सुखावला. मंत्र्यांचं उत्तर मी तिथेच ऐकलं.

सभागृहात ते तसंच आलं. ग्रामस्थांची गैरसोय होते, हे खरे आहे काय? हे खरे नाही. कठड्यासह साकव उपलब्ध आहे. असल्यास, नवीन साकव केव्हा बांधणार? प्रश्न उद्भवत नाही.

मी ते मानकऱ्यांना वाचून दाखवलं. “कठड्याचं नाव निघालं ना पण?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या अधिवेशनाची तयारी म्हणून मी कोयती घेऊन साकवाच्या मध्यावर गेलो. खाली पऱ्या लाल, फुगलेला. कठड्याचा पहिला बंध तोडणार एवढ्यात पलीकडून बहीण आली. एका हातात दप्तर, दुसरा हात कठड्यावर.

“साहेब एकदा येऊन गेले,” ती म्हणाली. “मी रोज जाते. सरक.”

साकवावर सरकायला जागा नव्हती. मी कोयती कमरेला अडकवली, वळलो आणि तिच्या पुढे, कठड्याला धरून, घराकडे निघालो.