बिनसहीचा अभिप्राय

आमच्या साहेबांना वाईट बातमी सांगायची कारखान्यात एकच रीत होती, ती म्हणजे सांगायचीच नाही. साहेब काही खडूस नव्हते. शिफ्टवरच्या ऑपरेटरपासून चढत चढत जनरल मॅनेजर झालेला, मोठ्या आवाजाचा, दिवाळीला प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन हात जोडणारा माणूस. पण त्यांनी काही दाखवलं की अख्खं खातं एका सुरात गुजरातीत म्हणायचं, "खूब सरस, साहेब!" मी त्या खात्यातल्या टेक्निकल लायब्ररीची लायब्ररियन. सुरात सूर मिळवण्यात मीही मागे नव्हते, आणि मग घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये स्वतःवरच चरफडायचे.

कारखाना शहराबाहेर, कोयलीच्या वाटेवर. टेबलाटेबलावर नुकते कॉम्प्युटर आले होते. बाजार खुला झालाय, आता बदला नाहीतर बुडा, असं जो तो म्हणायचा. त्या धामधुमीत साहेबांनी लायब्ररीची वेबसाइट करून घेतली. उघडली की आधी साहेबांचा फोटो वरून खाली सावकाश उतरायचा. आधी केस, मग चष्मा, मग मिशी. त्यानंतर त्यांचा संदेश, मग कारखान्याचा इतिहास. पुस्तक शोधायची चौकट तिसऱ्या पानाच्या तळाशी.

तेही मी सोसलं असतं. पण साइट करणाऱ्या मुलांनी आमच्या कॅटलॉगच्या कार्डांवरून फक्त पुस्तकांची नावं आणि सालं उतरवली होती. कार्डांवर पेन्सिलीनं लिहिलेली टिपणं त्यांनी सोडून दिली, आणि आमच्या लायब्ररीचा जीव त्या टिपणांत होता. 'ही आकृती जुनी, नवी तिसऱ्या कपाटात.' 'या पुस्तकातला दाब चुकीचा, खरा मागे लिहिलाय.' वीस वर्षांत ज्याला जे अनुभवानं कळलं ते त्यानं लिहून ठेवलेलं. आता साइट आली म्हणून कार्डांचं कपाट महिनाअखेरच्या शनिवारी भंगारात जाणार होतं. कार्डं तरी ठेवू द्यावीत, तर मुंबईच्या हेड ऑफिसचं म्हणणं असं, की जुनं शिल्लक ठेवलं तर लोक नव्याकडे वळत नाहीत.

साहेबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर उंदीर मीच, हे मला ठाऊक होतं. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तेवढ्यात मुंबईहून नवीन टूम आली. हाताखालच्यांनी वरिष्ठांबद्दल अभिप्राय द्यायचा, सहीशिवाय. आम्ही अकरा जण, अकरा फॉर्म. मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मुद्दाम वाकडंतिकडं लिहिलं, की साइटवर काही सापडत नाही, टिपणं गेली, कपाट हलवू नका, आणि साहेबांना खरं सांगायची इथं कुणाची छाती नाही. पाकीट पेटीत टाकलं.

वडिलांना सांगितलं. आजोबा संस्थानच्या दप्तरात, वडील सरकारी कचेरीत. ते म्हणाले, "आपल्या घरात साहेबाला तोंडावर कुणी काही बोललं नाही, म्हणून सगळ्यांनी सुखानं पेन्शन खाल्ली. हात दाखवून अवलक्षण कशाला केलंस?" मी खंडेराव मार्केटमधून आणलेले मटार सोलत होते. दाणे टोपल्यात आणि सालं ताटात टाकायची, तर सगळं उलटंच पडत होतं.

दिवसा कार्डांवरची टिपणं वहीत उतरवायला घेतली. कपाटाला चोवीस खण. लोक येत-जात, फोन वाजत. दोन खण उरकले तेवढ्यात बुधवार उजाडला आणि साहेबांचं बोलावणं आलं.

टेबलावर माझा फॉर्म होता. शेजारी आमच्या कपाटातलं एक कार्ड. साहेब दोन्हींवरून बोट फिरवत राहिले. कार्डावर पहिली ओळ उभ्या तांबड्या रेघेपासून सुरू करायची आणि बाकीच्या तिच्याहून आत घ्यायच्या, ही आमची शिस्त. अक्षर मी बदललं होतं, पण कोऱ्या फॉर्मवर, रेघ नसताना, प्रत्येक मुद्दा मी तसाच मांडला होता. पंधरा वर्षांची सवय.

"बेन, आ तमे लख्युं छे?"

"ना, साहेब."

त्यांनी कार्ड उलटं केलं. मागे पेन्सिलीनं दाबाचा आकडा आणि खाली छोटी सही. "आ में लख्युं हतुं. ऑपरेटर हतो त्यारे. पुस्तकमां आंकडो खोटो हतो." सहीवर त्यांनी बोट ठेवलं. "कोई सामे आवीने कहे, तो हुं कबाट रोकी दउं. सही वगरना कागळ पर मुंबईने शुं कहुं?"

म्हणजे कपाट थांबवायला एका माणसानं पुढं येऊन बोलायचं होतं, एवढंच. आणि तो माणूस त्यांच्यासमोर उभा होता. मला माझी नोकरी दिसली, वडिलांचा चेहरा दिसला, स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत नाव आलेली शेजारच्या खात्यातली माणसं दिसली.

"कोणी लिहिलं असेल, कल्पना नाही, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. ते मी परत नेऊन अकराव्या खणात, जागच्या जागी लावलं. तेवढं मात्र चोख केलं.

शनिवारपर्यंत वहीत पाच खण झाले. टेम्पो आला. कपाट बाहेर निघताना साहेब स्वतः येऊन दारात उभे राहिले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला. "कंई कहेवुं छे, बेन?"

दोन हमाल कपाट तिरकं करत होते, खण सरकत होते. अजूनही वेळ गेली नव्हती.

"छान झालं, साहेब. जागा मोकळी झाली."

एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

सोमवारी बॉयलरकडचा एक इंजिनिअर घाईघाईनं आला. कपाट असायचं तिथं जाऊन त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पंपाच्या पुस्तकातला दाब चुकीचा आहे, खरा आकडा कार्डामागे होता, तो द्या म्हणाला. अकरावा खण. बुधवारी ते कार्ड माझ्या हातात होतं. आकडा पेन्सिलीचा होता, खाली सही होती, एवढं लख्ख आठवत होतं. आकडा काही केल्या आठवेना.

"साहेबांना विचारा," मी म्हटलं. "त्यांनीच लिहिला होता तो."

तो हसला. "साहेबने कोण पूछे, बेन? एमने एम लागशे के साइट नथी चालती." साइट चालत नाही असं साहेबांना वाटेल, म्हणून तोही विचारणार नव्हता. मग माझ्या समाधानासाठी त्यानं वेबसाइट उघडली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. केस आले, चष्मा आला. मिशी यायच्या आत तो निघून गेला.