मोडीत निघालेला शब्द आणि बाबांच्या चपला

मंडळी, हट्टी म्हाताऱ्या माणसाला कसं समजवायचं, ते कुणी सांगाल का? आज सकाळी मी तर हरले.

बाबा नव्वदीला टेकलेत, तरी भोईवाड्यातून वाचनालयापर्यंत एकटेच चालत जाणार म्हणे. रस्ता सगळा खणून ठेवलाय, पडलात म्हणजे? अर्धा तास घसा कोरडा केला मी. ते चपला शोधत शांतपणे म्हणाले, "याला इंग्रजीत 'डिहॉर्ट' म्हणायचे. एखादी गोष्ट करू नकोस, हे गळी उतरवायला बघणं. आता कुणी वापरत नाही तो शब्द."

"तुम्हाला कुठे भेटला?"

"संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी, कॉलेजात असताना. सगळे मोर्चाला चल म्हणायचे, आई एकटी नको म्हणायची. तिच्यासाठी डिक्शनरीत शोधला."

आजी गिरणीत कामाला होती. गोळीबाराच्या बातम्या रोज कानावर यायच्या. एका दुपारी तिने बाबांच्या चपलाच लपवल्या. बाबा अनवाणी निघाले. लालबागच्या नाक्यावर आजीने त्यांना गाठलं, हातात त्याच चपला. आता चारचौघांत मार बसणार, असं बाबांना वाटलं. तिने चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"घाल आधी. पाय भाजतले."

आणि घरी न परतता ती त्यांच्या शेजारून मोर्चात चालू लागली.

मी पिठाच्या डब्यामागे लपवलेल्या बाबांच्या चपला काढून दिल्या, आणि माझ्याही चपला पायात घातल्या.