काच तुटली नाय, मॅडम

हे मी कोणाला बोललेलो नाय. बायकोला नाय, मित्रांना पण नाय — दोन पेग झाल्यावर सुद्धा नाय, आणि दोन पेग झाल्यावर मी काय काय बोलतो ते सगळ्या विठ्ठलवाडीला माहितीये. मला लिहिता धड येत नाय, चौथी नापास माणूस मी. फोनमध्ये बोलतोय, फोन लिहितोय. समोर तोंड नाय कोणाचं, म्हणून जमतंय. तोंड दिसलं की मी जोक मारतो. घाबरलो की जास्त मारतो. लोक बोलतात, दिनकर काय मजेत असतो.

आता पण एक आलाय तोंडात. थांबतो.

ठाण्यात एका जुन्या सरकारी कचेरीत कामाला आहे मी. कुठली, ते नाय सांगत. दगडी आहे, गोऱ्या साहेबाच्या टायमाची, पुढं कमानींचा लांब व्हरांडा, वर कौलं. माणसाला शुगर निघते ना, तसं तिला हेरिटेज निघालं. निघालं म्हणजे पथ्य आलं. सिमेंट चालत नाय, चुनाच पाहिजे, त्या चुन्यात गूळ घाला, बेलफळ घाला — आपल्या पोटात जात नाय ते भिंतीच्या पोटात. खिळा ठोकायचा तरी कमिटीला विचारायचं. जयंतीला बाबासाहेबांचा फोटो आम्ही खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला, खिळ्याची परवानगी यायची होती म्हणून. अजून यायचीय.

आणि या बिल्डिंगची देखभाल कोणाकडं? माझ्याकडं. दारं उघडा, जळमटं काढा, कौल गळलं की बादली लावा, कबुतरं हाकला. बायको बोलते, घरातला नळ बघवत नाय आणि हा सरकारची भिंत बघतो. बरोबर बोलते.

तर त्या व्हरांड्यात आतल्या बाजूला एक कमान आहे, तिच्या डोक्यापासून वरपर्यंत तडा गेलेला. बारीक. बोटाचं नख जाईल एवढा. तिथं वारा चांगला येतो, म्हणून दुपारी डबा खायला मी आणि शांताताई तिथंच बसायचो. शांताताई झाडलोट करते आमच्याकडं. आंबिवलीची. माझ्यापेक्षा मोठी, आणि मला पहिल्या दिवसापासून दिन्या बोलते. सकाळी जयभीम, दुपारी डबा, मध्ये शिव्या. दोघांची दोन लाकडी स्टुलं, भिंतीला लावून. माझे जोक ऐकून ती डोळे पुसायची पदरानं. असं हसणारं माणूस घरी पण नाय मला.

कमिटीकडून एक मॅडम यायच्या. तरुण, पण काम माहिती होतं. डॉक्टर छाती वाजवतो तशी भिंत वाजवायच्या. त्यांनी त्या तड्यावर एक काच लावली. बोटभर लांब, पातळ, तड्याच्या आडवी — एक टोक इकडच्या दगडाला, एक तिकडच्या, दोन्हीकडं प्लास्टरचा ठिपका. वर मार्करनं तारीख. मला बोलल्या, "काका, भिंत जराशी जरी हलली ना, तर काच तुटते. आपल्याला दिसत नाही ते हिला कळतं. रोज बघायचं. तुटली तर हात लावायचा नाही, लगेच मला फोन करायचा."

हात लावायचा नाय, फोन करायचा. एवढंच. माकडाला पण जमलं असतं.

उरलेल्या काचा आणि प्लास्टरची पुडी त्यांनी कपाटात ठेवली. चावी माझ्याकडं.

पहिली काच भिंतीनं नाय तोडली. मी तोडली. झेंडावंदन जवळ आलेलं, आणि मी शांताताईला मोठ्या साहेबांची नक्कल करून दाखवत होतो. जळमटं काढायचा बांबू माईकसारखा धरलेला. "बंधू आणि भगिनींनो, या वास्तूचा वारसा..." ती हसून हसून बादली घेऊन गेली नळावर. आणि मी — एकटा उरलो तरी मला टाळ्या पाहिजेत — वाकून नमस्कार केला. बांबूचं टोक मागं गेलं. टिक, एवढाच आवाज.

तेव्हाच फोन केला असता तर काय झालं असतं? मॅडम चिडल्या असत्या, दुसरी लावली असती. बस. पण माझी टरकली. बिल्डिंगमध्ये नाचतो हा, असं वर गेलं तर? कपाट उघडलं, नवीन काच घेतली, प्लास्टर कालवलं, अंगठ्यानं ठिपके लावले. तारीख जशी दिसली तशी काढली, चित्र काढतात तशी. मॅडम आल्या, बघितलं, बोलल्या, "छान." त्या रात्री मला झोप मस्त लागली, हे पण सांगतो.

मग बाहेर रस्त्यात मोठं मशीन आलं. जमिनीत खांब ठोकायचं. धप, धप, दिवसभर. एका सकाळी दार उघडलं, कमानीकडं बघितलं — काच मधोमध तुटलेली. मी हात लावला नव्हता. बांबू कोपऱ्यात होता.

तिच्यासमोर मी उभा राहिलो. कळत होतं मला — हे मी नाय केलेलं, हे भिंतीनं केलंय, हिला कायतरी सांगायचंय. खिशात फोन होता. पण मॅडम आल्या असत्या तर काच हातात घेतली असती, माझ्या अंगठ्याचे ठिपके बघितले असते. माझी तारीख बघितली असती. पहिलीचं विचारलं असतं. मग?

दुसरी लावली.

ती पण तुटली. तिसरी लावली. किती लावल्या ते आता विचारू नका, पुडीतलं प्लास्टर संपलं तेव्हा मी डोंबिवलीला हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःच्या खिशातून आणलं. मुलाच्या वहीला कव्हर आणायला मी टाळाटाळ करतो.

एक दिवस कमिटी आली. मॅडम होत्या, बांधकामवाले साहेब होते. विषय असा, त्या कमानीला लाकडी टेकू लावून तो भाग बंद करायचा का. मॅडम बोलत होत्या, करू या. साहेब बोलत होते, "अहो, लोकांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे तो. आणि तुमचीच काच सांगतेय की भिंत जागेवर आहे." मॅडम कमानीकडं बघत राहिल्या. त्यांना पटत नव्हतं. मग माझ्याकडं वळल्या. "काका, एकदाही तुटली नाही ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी काय बोललो? बोललो, "काच तुटली नाय, मॅडम. मी तुटतो रोज, घरी गेल्यावर."

हसले सगळे. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मॅडम पण हसल्या जराशा. टेकू मागच्या जिन्याला गेले.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. काचेचं खोटं बोलला बिचारा, तेच सांगायला बसलाय. नाय. एवढं असतं तर कदाचित एखाद्या रात्री बायकोला सांगून टाकलं असतं. पुढचं आहे ते — ते जिभेवर येतं आणि परत आत जातं. आता पण बघा, फोन खाली ठेवून पाणी पिऊन आलो.

सांगतो.

मला त्या कमानीखाली बसवेना. डबा उघडला की मान वर जायची. मग एक दिवस मी माझं स्टूल उचललं आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. स्वतःचं. फक्त स्वतःचं.

शांताताईनं बघितलं. डबा हातात घेऊन बोलली, "काय रे दिन्या, तिकडं कुठं? थांब, मी पण येते."

ती येत होती. समजतंय ना तुम्हाला? स्टूल उचललेलं तिनं. मी काय नाय बोललो असतो तरी ती आली असती. तोंड बंद ठेवलं असतं, एवढंच — आयुष्यात एकदा. पण ती आली असती तर दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, का रे आपण जागा बदलली? आणि तिला खोटं सांगणं मला जमत नाय, तोंड बघून ओळखते ती. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी काय करतो ते तुम्हाला सांगितलंय.

बोललो, "तू तिकडंच बस ताई. तुझ्या सुकटीच्या वासानं तर पळालोय मी."

साहेबांचा ड्रायव्हर होता तिथं, दोन क्लार्क होते. जोरात हसले सगळे. ती पण हसली. पण पदर डोळ्याला नाय गेला. स्टूल खाली ठेवलं तिनं, जिथं होतं तिथंच. त्या कमानीखाली. डब्याचं झाकण अर्धंच उघडून, भिंतीकडं तोंड करून जेवली.

आणि ती सुकट मला किती आवडते — तिच्या डब्यातली अर्धी मीच खायचो. मी पण तेच खाऊन मोठा झालोय. कोणाला हसायला देत होतो मी? काय म्हणून?

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुकट आणली नाय. बटाटा आणायची. एकटी बसायची. एकदा मला ऐकू जाईल असं बोलली, "भातात खडे येतात रे हल्ली, वरून माती पडते." मी बोललो, "सरकारी मसाला आहे ताई, फुकट आहे, खा." बोललो मी हे. मला माहिती होतं ती माती कुठली ते.

कमान पडली तेव्हा जेवायचीच वेळ होती. आधी रेती सांडल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली, कारण मी एकटाच होतो जो रोज त्या आवाजाची वाट बघत होतो. "ताई" एवढंच ओरडलो. मग धूळ. सगळी कमान नाय आली, वरचे दगड आले आणि चुना. पाय सापडला तिचा दगडाखाली. मी धावलो, दगड ओढले, नखं गेली माझी, तिला बाहेर काढली. धुळीनं पांढरी झालेली. मला बोलली, "डबा बघ रे माझा."

चौकशी झाली. काच ढिगाऱ्यात सापडली नाय, पण सगळ्यांना माहिती होतं, ती अगदी आदल्या दिवसापर्यंत शाबूत होती. असणारच — आदल्या दिवशीच लावलेली मी. कागदावर असं गेलं की भिंतीनं काय इशारा दिला नाय. मॅडमनी सांगितलं, अंदाज माझा चुकला, टेकूसाठी मी अडून बसायला हवं होतं. त्यांच्याकडून ते काम काढून घेतलं. जाताना मला भेटल्या, बोलल्या, "काका, तुम्ही तरी रोज बघत होता." त्यांच्या डोळ्याकडं मी नाय बघितलं. आणि माझा सत्कार झाला. शाल, नारळ. जीव धोक्यात घालून सहकाऱ्याला वाचवलं म्हणून. मोठे साहेब बोलले, अगदी मी नक्कल करायचो तसेच. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, आता कोणतरी उठणार, आता उठणार. शाल कपाटात आहे. बायको पाहुण्यांना दाखवते.

कमान आता नवीन बांधली, चुन्यात, गूळ घालून. शेजारच्या कमानीला बारीक तडा दिसला म्हणून नवीन काच लावलीय. बघायला कोण? मीच. भरवशाचा माणूस. रोज सकाळी दार उघडलं की आधी तिकडंच बघतो मी. काच तुटलेली असेल याची भीती वाटते. आणि अख्खी असली की त्याहून जास्त वाटते, कारण अख्ख्या काचेचा अर्थ काय असतो ते मला माहितीये. कपाटाची चावी मोठ्या साहेबांना परत द्यायला गेलेलो. साहेब बोलले, "राहू दे रे, तुझ्याशिवाय कोणावर टाकू?" मी चावी घेऊन परत आलो.

शांताताई परत आली कामावर. पाय वाकडा टाकते, काठी लागते, झाडू मारताना काठी भिंतीला लावते आणि एका हातानं मारते. पहिल्या दिवशी दुपारी मी जिन्याजवळ डबा उघडून बसलेलो. ती आली. एका हातात काठी, एका हातात स्टूल — घासत, फरशीवर आवाज करत. माझ्यापासून जरा लांब थांबली. आणि बोलली, हळू, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाय असं,

"मी आता सुकट आणत नाय रे दिन्या. बसू का इथं?"

मी काय जोक मारला नाय. एक पण आला नाय तोंडात. उठलो, तिच्या हातातलं स्टूल घेतलं, माझ्या शेजारी लावलं.

आता रोज तिथंच बसते ती. बटाटा खाते.