कुंदाबाईंच्या वाती आणि लोहाऱ्याची कुत्री

पोस्टाच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसून कुंदा पांढरीपांडे यांचा आवाज असा घडला होता, की रांगेतला शेवटचा माणूसही पहिल्याच हाकेला सरळ उभा राही. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची यवतमाळात कोणाची छाती झाली नाही. २००५ साली त्या निवृत्त झाल्या. आता बाई भजनी मंडळात येतील, असं शेजारणींनी धरून ठेवलं होतं. पण बाई सकाळी सहाला बूट घालून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागायच्या.

त्या रस्त्यावर एक सूतकारखाना बंद पडला होता. मालक नागपूरला गेला, रखवालदार गावी गेला, आणि रखवालदाराच्या भाकरीवर जगणारी कुत्री फाटकाशी बसून राहिली. कुंदाबाईंनी पहिल्या दिवशी पोळ्या नेल्या, आठव्या दिवशी पातेलं नेलं, आणि महिन्याभरानं मालकाला रजिस्टर पत्र धाडलं की शेड मला वापरायला द्या. 'रखवालीचा पगार वाचतो, खुशाल वापरा,' असं उत्तर आलं. जखमी, टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली कुत्री लोक तिथं आणून सोडू लागले.

जनावरांचे डॉक्टर खेमसिंग राठोड मूळचे फुलसावंगीकडचे. लस टोचायला आले तेव्हा त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि डोक्याला हात लावला.

"बाई, तुम्ही आश्रम नाही, कारखाना चालवून राह्यल्या! दोन वेतांत तेवीसचे एक्केचाळीस झाले. नसबंदी केल्याबिगर हे थांबत नाही."

"मग करा."

"माझी फी सोडली. पण भुलीचं औषध, टाके, दहा-दहा दिवसांची देखभाल? तुमच्या पेन्शनीत नाही व्हायचं ते."

म्हणून २००६च्या गणपतीत कुंदाबाई वर्गणीला निघाल्या. ते दिवस असे होते, की पेपर उघडला की जिल्ह्याचं नाव पहिल्याच पानावर असायचं. कापसाचा भाव पडलेला, बोंडं किडलेली, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात जीव दिलेल्या शेतकऱ्याची तिरडी. कॉलनीच्या बैठकीत कुंदाबाई उभ्या राहिल्या तेव्हा बियाण्याच्या दुकानाचे मालक बबनराव मोठ्यानं हसले. दत्ताच्या देवळाचेही तेच विश्वस्त.

"जिल्ह्यात माणसं मरून राह्यली, अन् तुम्ही कुत्र्यायच्या ऑपरेशनले पैसे मागता? लाज नाही वाटत?"

माणसं माना डोलवू लागली.

"मरणाऱ्या माणसांसाठी तुम्ही काय केलं, तेवढं सांगा," कुंदाबाई म्हणाल्या. "सांगा, आणि मी आत्ता खाली बसते."

लोक चपला शोधू लागले. पैसे कोणी दिले नाहीत.

घरी आल्यावर मात्र तोच प्रश्न बाईंना डसला. आपण तरी कुठं कोणाच्या दारी गेलो? तीन दिवस त्या वर्गणीला कुठं गेल्या नाहीत. पातेलं घेऊन जायच्या आणि यायच्या.

दसरा झाल्यावर एक दिवस शेडच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात दोर, दोराला पिवळी, रुंद छातीची कुत्री. बाईचं नाव कोकिळा. मारेगावकडून दोन काळीपिवळ्या जीपा बदलून आली होती.

"लोहाऱ्यात एक बाई कुत्र्यायचं पाह्यते म्हणे. तुमीच काय?"

"मीच. ही कोण?"

"वाघी. माह्या वावरात डुकरं येऊ देत नाई हे. पण दर सहा महिन्यानं पिलं. गेल्या साली त्यातलंच एक पिसाळलं, माह्या पोरीले, समीक्षाले चावलं. सुया घ्यायले पाच डाव यवतमाळले येनं पडलं. आता गावातले म्हंतेत का साऱ्यायले जहर घालतो. मी म्हटलं, घालून पाहा! पह्यले माह्याशी गाठ हाय." तिनं गाठोडं खाली टेकवलं. "इचं ऑपरेशन करून द्या. पैसे नाई. वावरात सीतादहीची पूजा करून पह्यला वेचा काढला, त्यातला कापूस आनला. व्यापारी मातीमोल भावानं मांगते, त्याच्यापरीस तुमीच घ्या."

कुंदाबाईंनी गाठोडं सोडलं. कापूस पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. हात आपोआप सरकी काढायला लागला. आईनं शिकवलं होतं तसं त्यांनी चिमटीत थोडा कापूस पिंजून घेतला, मांडीवर वळला, आणि वात झाली.

"त्रिपुरी पौर्णिमा कधी आहे गं?" त्यांनी विचारलं.

"पंधरा-ईस दिवसांवर असंन. काहून?"

"तू आणखी कापूस आण. चढ्या भावानं घेते मी. कुत्र्यांसाठी म्हणून कोणी देत नाही ना? मग देवासाठी तरी देतील."

रोज चार तास त्या वाती वळत बसल्या. साडेसातशे धाग्यांची एकेक त्रिपुरवात, शिवाय फुलवाती. बोटांची सालं निघाली. पुडीवर त्यांनी पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'या पैशातून लोहाऱ्याच्या कुत्र्यांची नसबंदी होईल.' कोणी म्हणालं, एवढं लिहू नका, गुपचूप विका. बाई म्हणाल्या, "चोरी करते का मी?"

पौर्णिमेला त्या दत्ताच्या देवळाच्या पायरीवर टोपली घेऊन बसल्या. बबनरावांनी पुडी वाचली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"देवाच्या वातीवर कुत्र्याचं नाव? उठा इथून!"

"बबनराव, मागं वळून गाभाऱ्यात पाहा. तुमच्या देवाच्या पायाशी चार आहेत. त्यांना कधी काढता?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण बबनराव वादाला बधणारे नव्हते. त्यांनी टोपली उचलून रस्त्यावर ठेवली. कुंदाबाई उठल्या, रस्ता ओलांडला, पानठेल्याच्या बाजूला उन्हात सतरंजी टाकली आणि खिडकीवरच्या जुन्या आवाजात हाक दिली, "त्रिपुरवाती! घरी वळलेल्या! पुडी वाचून घ्या!"

पहिली पुडी घ्यायला रस्ता ओलांडून कोण आलं असेल? बबनरावांची बायको, नंदाबाई. त्यांनी पाच पुड्या घेतल्या, नवऱ्यादेखत पदरात बांधल्या आणि देवळात गेल्या. मग रांग लागली. दुपारी टोपली रिकामी.

डिसेंबरात शेडमध्ये दोन बाकडी जोडून, उकळलेल्या चादरी टाकून खेमसिंगांनी अकरा कुत्र्या ऑपरेशनला घेतल्या. पहिली वाघी. तिची भूल उतरेना तेव्हा कोकिळा तिच्या कानाशी बसून शिव्या देत होती, "ऊठ ना वं, डुकरं शिरली वावरात!" संध्याकाळी वाघीनं शेपटी हलवली. अकरावी मात्र तिसऱ्या दिवशी गेली. टाके पिकले होते. बाईंनी तिला शेडमागं स्वतः पुरलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

बातमी कॉलनीत पसरली. "झालं समाधान?" बबनरावांनी रस्त्यात अडवून विचारलं.

"एक मेली. माझ्या हातात मेली," कुंदाबाई म्हणाल्या. "उरलेल्या दहा जणी पाहायला या. नाही आलात तरी फेब्रुवारीत पुढच्या घेतेच आहे."

फेब्रुवारीत नऊ झाल्या, एकही गेली नाही. पुढच्या श्रावणात वाती वळायला कॉलनीतल्या सहा बायका ओसरीवर बसू लागल्या. कापूस मारेगावकडच्या चार घरांतून यायचा, बाजारापेक्षा चढ्या भावानं, रोख. त्यानं कोणाचं घर सावरलं, असं कुंदाबाई कधी म्हणाल्या नाहीत. शेडमध्ये मात्र तिसऱ्या वर्षी एकही पिलू जन्मलं नाही.

चौथ्या वर्षी कोकिळा तिच्या गावच्या पाच बायका आणि सात कुत्र्या घेऊन निघाली. वणीच्या फाट्यावर गाडी बदलताना तिथल्या काळीपिवळीवाल्यानं सगळ्यांना खाली उतरवलं. कोकिळानं फोन केला. कुंदाबाई मिळेल त्या गाडीनं, तासाभराचं अंतर कापून तिथं पोचल्या, तर तोच ड्रायव्हर अजून सवाऱ्या भरत उभा होता.

"कुत्र्यायले मी नाई बसवत, बाई. सीटा खराब होते."

"किती सीटा आहेत तुझ्या गाडीत?"

"नऊ."

"नऊही माझ्या. पुढचं दार उघड," कुंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्या, चिखलानं माखलेल्या कुत्रीला कवेत उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.