आबांचं विसण

लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर मी नोकरी करते. लोकांना वाटतं, काय मजा आहे बाई, थंड हवा, धुकं, समोर डोंगर. डोंगर माझ्या पाठीमागे असतो. समोर असतो फोन. त्या फोनवर दिवसभर एकच तक्रार येते, गरम पाणी येत नाहीये. उत्तर मला पाठ आहे. "सर, नळ जरा वेळ चालू ठेवा, येईल." आणि येतंच. मुंबईच्या पाहुण्याला नळ फिरवला की लगेच वाफ हवी असते, जरा थांबा म्हटलं की त्याचा अपमान होतो.

त्यामुळे गिझर या विषयात मला कुणी शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत होतं. घरचा गॅसचा गिझर मीच निवडला. तो बाथरूममध्ये न लावता बाहेर धुण्याच्या गॅलरीत लावायचा, हेही मीच ठरवलं. आमच्याकडे थंडीत माणसं झरोक्यातसुद्धा बोळे कोंबून आंघोळीला बसतात, आणि बंद जागेत गॅस जळत राहिला तर आतला माणूस गुदमरतो. नवरा म्हणाला होता, गॅलरीत वाऱ्यानं विझेल. मी म्हटलं, गिझर विझला तर पुन्हा पेटवता येतो. गिझर गॅलरीत लागला.

मग आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून ते टाकवे बुद्रुकच्या घरी एकटेच राहायचे. गेल्या पावसाळ्यात मागच्या अंगणात शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि शेजारची मावशी दूध घेऊन येईपर्यंत ते तसेच चिखलात पडून राहिले. हाड मोडलं नाही, नशीब. पण हाक का नाही मारली, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "लाज वाटली." ते ऐकून माझा नवरा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्या दिवसापासून आबांना लोणावळ्याला आणायचं, याशिवाय आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आबा सहजासहजी हलणाऱ्यातले नव्हेत. भात कापून, झोडून घरात आलं तेव्हा कुठे तयार झाले. येताना एक पिशवी, इंद्रायणी तांदळाचं पोतं आणि हातभर लांबीची जुनी बॅटरी घेऊन आले. बॅटरी म्हणजे टॉर्च, पण टॉर्च म्हटलेलं आबांना कळत नाही असं ते म्हणतात. आल्या आल्या त्यांनी अट घातली.

"थंडीभर ऱ्हातो. पर सकाळी आंगुळीला पानी कढत पायजे बग. त्ये न्हाई जमलं तर आपलं टाकवं बरं."

एवढंच ना, असं मी मनात म्हटलं. रोज शंभर खोल्यांचं गरम पाणी सांभाळणारी बाई मी, मला एक बादली जड आहे का?

पहिल्याच सकाळी आबा आंघोळ करून बाहेर आले ते दातावर दात आपटत.

"पाणी गरम होतं ना, आबा?"

"हुतं."

"कढत?"

"आदी हुतं," आबा म्हणाले आणि गोधडीत शिरले.

मी तडक आत गेले, नळ सोडला. गॅलरीत टक्‌ झालं, भप्पकन निळी ज्योत लागली आणि घटकाभरात वाफ. काहीही बिघाड नाही. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा कुडकुडत बाहेर, मी पुन्हा आत, पुन्हा वाफ. तिसऱ्या दिवसापासून मला तो गिझर डोळ्यांसमोर नको झाला.

मग मी त्याच्या मागे लागले. गॅसच्या गिझरमध्ये ठिणगी पडायला दोन जाडे सेल असतात, पहिला संशय त्यांच्यावर. तसलेच सेल आबांच्या बॅटरीत होते, म्हणून म्हटलं, आबा, बघू जरा, घालून पाहते. आबांनी बॅटरी उचलून उशीखाली घातली.

"त्ये टाकव्याला लागत्यात. तितं लाईट जाती."

म्हणजे स्वारी जायच्या तयारीतच बसलेली. पिशवीसुद्धा रिकामी केली नव्हती, खाटेखाली होती तशीच. मला राग आला, पण तो काढणार कुणावर? बाजारातून नवे सेल आणून घातले. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "आज तर आदीपास्नंच गार."

सिलिंडर संपत आला असेल म्हणून तो बदलला. मग नवऱ्यानं आपला जुना मुद्दा बाहेर काढला, वारा. अगदी खुशीत येऊन त्यानं गिझरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा ठोकला. तो रात्रभर असा वाजायचा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन चौकशी केली. आडोसा काढला. मग मी पाणी आत येतं तिथली जाळी खोलून काढली. तीत गंज आणि वाळू अडकली होती. जुन्या टूथब्रशनं घासून लख्ख केली आणि आता सापडलं म्हणून दोघांना चहा दिला. सकाळी आबांनी नुसतंच माझ्याकडे बघितलं. आणि कुडकुडत गोधडीत शिरले.

शेवटी कामशेतहून गिझरवाल्याला बोलावलं. त्यानं नळ सोडला, ज्योत लागली. त्यानं बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा लागली. तो कंटाळेपर्यंत लागत राहिली.

"ताई, मशीन एकदम ओके आहे. टाकी तुमच्या डोक्यावरच आहे ना, म्हणून प्रेशर जरा कमी येतंय. पण चालतंय की." जाताना दारात वळून म्हणाला, "नळ जरा वेळ चालू ठेवायला सांगा."

माझंच वाक्य मला ऐकवून गेला. दार मी जरा जोरातच लावलं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, आबा आंघोळ करतात तेव्हा जाऊन बघायचं. कोण बघणार? सुनेनं सासऱ्याच्या न्हाणीत डोकावायचं आमच्याकडे नसतं. नवरा तळेगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, तो आबा उठायच्या आत घराबाहेर. चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसच्या शेगडीवर, पातेलं तापवून देते म्हटलं तर आबा ऐकत नव्हते. "तू कामाला जानारी बाई. माज्यापायी पातेली कुटं उचलतीस?" आणि खरं सांगायचं तर मलाही ते नकोच होतं. पातेलं चढवलं म्हणजे मी हरले.

आबांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "त्या यंत्राला मी पसंत न्हाई. तुमास्नी देतं, मला देत न्हाई. तेचं बी बरोबर हाय, मी परका मानूस."

परका! स्वतःच्या लेकाच्या घरात! मी ताडकन काही बोलणार होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. शुक्रवारी रात्री जेवताना त्यांनी लेकाला सांगितलं, "परवा रविवार हाय. मला टाकव्याला सोड."

नवरा अर्धी भाकरी तशीच टाकून उठला. आत गेल्यावर माझ्यावर घसरला. तुझा तो गिझर, तुझी ती गॅलरी, तुझा तो हट्ट, आणि माझा बाप परत त्या शेवाळावर. मीही ऐकून घेणारी नाही, मीही दोन सुनावली. पण दिवा मालवल्यावर मला झोप येईना. ओल्या अंगणात एकटे पडलेले आबा सारखे डोळ्यांसमोर येत होते, लाजेनं हाकसुद्धा न मारणारे.

शनिवारी सकाळी मी हरले. आबांना न विचारताच मोठं पातेलं शेगडीवर चढवलं, पाण्याला आधण आलं तेव्हा फडक्यानं धरून बाथरूममध्ये नेलं. आबा धोतराचा काचा मारून, उघड्या अंगानं स्टुलाशी उभे होते. नको गं, नको गं, करत राहिले. मी बादलीत पाणी ओतलं. वाफेनं माझा चष्मा भरून गेला.

चष्मा पुसून बघते तर आबांचा हात नळाकडे गेलेला. गार पाण्याचा नळ त्यांनी पुरता सोडला होता.

"आबा, ते गार आहे!"

"मंग? इसन नगं का?"

विसण. कढत पाण्यात घालायचं गार पाणी. माहेरी माझी आजी हा शब्द वापरायची, त्यानंतर मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्हा नवरा-बायकोला विसण लागतच नाही. गिझरचं बटण फिरवलं की हवं तेवढंच गरम पाणी येतं, ते घ्यायचं आणि मोकळं व्हायचं.

"आबा, गिझरचं पाणी घेताना पण तुम्ही विसण घेता?"

"आता गं बया!" आबा माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले, की हिला आंघोळ तरी करता येते का. "कढत सोडायचं, संगट इसन सोडायचं. इसन न घेता आंगावर घेतलं तर कातडं निगंल की."

संगट. म्हणजे दोन्ही नळ एकदम. मी बादली बाजूला ओढली, गरम पाण्याचा नळ सोडला आणि गॅलरीत धावले. निळी ज्योत झकास जळत होती. "आबा, आता विसण सोडा!" मी ओरडले. आबांनी गार नळ सोडला. ज्योत एकदा दचकली, पिवळी झाली आणि गप्प. "बंद करा!" टक्‌, भप्प, पुन्हा निळी. "सोडा!" गेली. तीन-चारदा केलं आम्ही ते. खालच्या काकूंनी खिडकीतून मान वर करून बघितलं असणार, पण मला आता फिकीर नव्हती.

टाकी डोक्यावर हातभर उंच, दोन्ही नळांना पाणी एकाच पाइपातून. गार नळ पुरता सोडला की सगळं पाणी तिकडे पळायचं. गिझरकडे जेमतेम धार उरली की तो स्वतःहून विझायचा, तशी त्याची सोयच असते. मग दोन्ही नळांतून गारच पाणी, आणि आबा आपले बादली भरेपर्यंत इमानदारीत विसण घेतायत. मी रोज जाऊन एकटा गरम नळ सोडत होते. गिझरवाल्यानंही तेच केलं. जन्मभर जसं अंगावर पाणी घेतलं, तसंच आबा इथेही घेत होते, आणि ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी गॅलरीतच खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडू आलं, ते का आलं ते मला माहीत होतं. आबा पंचा गुंडाळून दारात आले.

"काय झालं गं?"

"काही नाही आबा. आधी कढत घ्यायचं. नळ बंद करायचा. मग विसण."

"येवडंच व्हय? मंग आदी सांगायचं न्हाई का?"

रविवारी सकाळी नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन बसून होता. आबा आंघोळीला गेले ते लवकर बाहेरच येईनात. आले तेव्हा लालबुंद झाले होते आणि अंगावरून वाफ निघत होती. किल्लीकडे बघून म्हणाले, "आता ताजं आंग हाय. आसल्या वाऱ्यात कुटं नेतूस? म्होरल्या रविवारी बगू."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. पण पिशवी खाटेखालीच होती आणि बॅटरी आता उशीखालून तिच्यात गेली होती. झाडताना मी ती पिशवी पायानं जरा आत सरकवायची, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कडेला आलेली असायची. थंडीभर राहतो, हे आबांचे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. थंडी सरू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

होळी झाली. दुपारी पंखा लागायला लागला. आबांनी एकदा सहज विचारलं, "टाकव्याला जानाऱ्या यश्ट्या कवा असत्यात गं?" मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं.

आणि अशातच एका सकाळी नळ सोडला तर गॅलरीत टक्‌सुद्धा झालं नाही. मी जाऊन बघितलं, गिझरवरचा आकड्यांचा दिवा गेला होता. सेल संपले. या खेपेला खरोखरच सेल, आणि दुकानं उघडायला अवकाश होता. आबा पंचा लावून उभे.

"आबा, आज थोडं थांबाल का? दुकान उघडलं की सेल आणते."

आबा तसेच खोलीत गेले. खाट ओढल्याचा आवाज आला, मग पिशवीचा. तेवढ्या एका आंघोळीवरून निघाले, असं मनात आलं, आणि मला भयंकर राग आला.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बॅटरी होती. तिचं बूड फिरवून त्यांनी काढलं, ती तळहातावर उपडी केली आणि दोन्ही सेल माझ्यापुढे धरले. "घाल ह्ये."

"आबा, हे टाकव्याला लागतात ना तुम्हाला?"

"तितं आता कोन बसलंय आंधारात?" आबा म्हणाले आणि न्हाणीकडे वळले.

मी सेल घातले. घाईत एक उलटा बसला, तो काढून नीट बसवला. टक्‌ झालं, भप्पकन ज्योत लागली. आतून पाण्याचा आवाज आला, थोड्या वेळानं थांबला, आणि मग आबा ओरडले, "झालं कढत! आता इसन सोडतो गं!"