कप्तानाने खोडलेलं नाव

मंडळी, बोलतेय मी आणि टाइप करतेय माझी नात सई. चूक सापडली तर ती तिची.

आज शुक्रवारची सुट्टी, म्हणजे इथे आखातात, हूरामधल्या आमच्या घरी सकाळपासून क्रिकेट. माझा मुलगा विलास ड्रायव्हर आहे आणि बारा वर्षं गाववाल्यांच्या टीमचा कप्तान. यंदा गुडघा दुखतो, धावा होत नाहीत, पण यादीत पहिलं नाव याचंच. कप्तानाला सांगणार कोण?

जवळच्याच जुफैर भागात लेकीकडे आलेले वेल्सचे एक म्हातारे साहेब विलासच्या गाडीतून फिरतात. तिकडे काउंटीकडून वीस वर्षं खेळले, कप्तान झाले, देशाच्या टीमचं बोलावणं मात्र कधी आलं नाही. काल विलासने विचारलं, "साहेब, शेवटी तुम्हाला काढलं कोणी?"

ते म्हणाले, "मीच. यादी माझ्याच हातात होती ना."

आज चहा गार झाला तरी विलास यादी धरून बसलेला. मग त्याने एक नाव खोडलं.

"कोणाचं रे?"

"माझं, आई."

"मग आता घरी बसून भाजी निवडणार?"

"नाही. मैदानावर पाणी नेणार."

सई म्हणाली, "बाबा, सो ब्रेव्ह!" मी म्हटलं, "यल्ला, चल, टोपी घाल, ऊन आहे."

मला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. पण लिहिलेलं खोडायला किती वेळ लागतो, ते आज बघितलं. तुमच्या घरच्या कप्तानाने कधी खोडलंय का, की त्याला अजून पेनच सापडत नाही?