सासरेबुवांचा टेकू

वाडीत घरं नऊ, त्यांतल्या सहांना कुलपं, आणि बाहेरच्या माळावर उभे दगड अकरा. म्हणजे बहुमत दगडांचंच. हजारो वर्षांपूर्वी ते कुणी उभे केले, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. गवंडीकाका मात्र म्हणत, काम बिनसिमेंटचं असून चोख आहे. दुसऱ्या गवंड्याच्या कामाला त्यांनी आयुष्यात बरं म्हटलं ते एवढंच.

त्यांतला एक दगड पुढे झुकलेला. त्याला ते सासरेबुवा म्हणत. कधी अंगावर येईल याचा नेम नाही. बायको होती तोवर या नावापायी तिचे टोमणे खाल्ले. ती गेल्यावर टोमणे थांबले आणि दगडाची काळजी लागली. रोज सकाळी पहार, घमेलं घेऊन जायचं, बुंध्याशी दगडाच्या चिपा ठोकून टेकू पक्का करायचा. सहा वर्षं हेच. शहरातली मुलगी दर रविवारी फोनवर म्हणे, इकडे राहायला या. काका म्हणत, येईन गं, पण मी हललो की सासरेबुवा आडवे झालेच समज. मुलीने तो दगड पाहिलेला होता, त्यामुळे तिचं पुढे काही चालत नसे.

मग एका गुरुवारी पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. टेकू पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. हा दगड पुरुषभर खोल गाडलाय, मुळातच तिरपा उभा केलाय, तुमच्या चिपांमुळे उलट बुंध्याशी पाणी साचतंय, असं त्यांनी जमेल तितक्या गोडीने सांगितलं. काकांनी चिपा स्वतःच उपटल्या. दुसऱ्या कुणाच्या बापाच्याने त्या निघाल्या नसत्या. मग लांब उभं राहून दोघांनी वाट पाहिली. सासरेबुवा तसूभर हलले नाहीत. काका तेवढे मटकन खाली बसले.

"बाई, माझ्या मुलीला फोन लावून देतो. दगड पडायला आलाय, एवढंच सांगा."

"काका, खोटं कसं सांगू?"

"मग खरं सांगू नका."

बाई हसल्या. काका हसत नाहीत हे पाहून मोजपट्टी गुंडाळत बसल्या.

रविवारी फोन आला. भिंत सरळ ठेवणाऱ्या ओळंब्यावर पोट भरलेल्या माणसाला तिरकं बोलणं जमेना. काकांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी खूश झाली, म्हणाली, शनिवारी गाडी घेऊन येते.

"तिथं तू आणि जावईबापू कामाला जाणार. दिवसभर माझ्याशी बोलणार कोण?"

"आणि तिथं कोण बोलतं, बाबा?"

"कोणी नाही. पण इथले न बोलणारे ओळखीचे आहेत गं."

मग ती म्हणाली, बरं, राहा तिथंच. पण मी आता बुधवारीही फोन करणार.

काका म्हणाले, कर की. फोन ठेवून त्यांनी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार. मध्ये दोनच दिवस. त्यांनी पुन्हा एकदा मोजून पाहिलं.